साडेएकची पाळी

पाटाचं पाणी एखाद्या दिवशी वाट चुकेल, पण ग्यानोबाचा शब्द चुकायचा नाही, असं चिंचटाकळीत म्हणत. गाव कालव्याच्या शेपटाला. सिद्धेश्वर धरणातून निघालेलं पाणी वाटेतल्या दहा गावांना भेटत, थांबत, रेंगाळत इथवर यायचं ते दमलेल्या पाहुण्यासारखं, अन् तेही थोडंच. म्हणून इथं पाळीला मोल. कुणाच्या वावरात पाणी किती वाजता शिरणार ते पाणी वापर संस्था ठरवायची, आणि पाटकरी ग्यानोबा सायकलीवरून बांधाबांधानं सांगत जायचा. "भागूबाई, साडेचार! ऐकलं का, साडेचार!" तीस वर्षांत त्यानं सांगितलेली वेळ एकदाही खोटी निघाली नव्हती.

शब्द टिकला, पण गुडघा गेला. दिवाळीनंतर तर सायकलीवर टांग टाकतानाच त्याच्या तोंडून "आई गं" निघू लागलं.

त्याची सून पुनम हे बघत होती. पुनम गोरेगावची, वऱ्हाडाच्या कडेची. हिंगोलीला कॉम्प्युटरचं शिकलेली, आणि संस्थेच्या कचेरीत आठवड्यातून तीन दिवस काम करणारी. सासऱ्याच्या गुडघ्याला तेल लावता लावता एक दिवस ती म्हणाली, "मामा, तुमचा आवाजच पाठवला तर? तुमी घरी बसा, आवाज जाईल फोनवरून."

"आवाज म्हंजे काय पोस्टकार्ड हाय का?"

"पोस्टकार्डापेक्षा हलका हाय."

मग ग्यानोबाला खोलीत बसवलं, कोंबड्यांचा गलका आत येऊ नये म्हणून डोक्यावरून गोधडी घातली, आणि त्याचा आवाज फोनमध्ये भरला. एक ते बारा आकडे, सव्वा, साडे, पावणे, सकाळी, दुपारी, तुमची पाळी, वाजता, आणि बत्तीस खातेदारांची बत्तीस नावं. गोधडीतून बाहेर आला तेव्हा घामानं चिंब झालेला. म्हणाला, "बाळंतिणीला शेक देतात तसं वाटलं."

या आवाजाच्या तुकड्यांवर पुनमनं तीन छोटे प्रोग्राम लिहिले. ती त्यांना मदतनीस म्हणायची. पहिला वावराची एकरं बघून पाळीची वेळ काढायचा. दुसरा त्या वेळेचे बोलायचे शब्द करायचा. तिसरा त्या शब्दांचे आवाज एकापुढे एक ओवून निरोप तयार करायचा, आणि तो निरोप फोनवर जायचा.

संस्थेचे अध्यक्ष तातेराव सगळं ऐकून म्हणाले, "सूनबाई, एक पाळी देतो तुला. सोमवारी पाणी सुटून राहिलंय. एक जरी वेळ चुकली, तर ग्यानोबा परत सायकलीवर. लोक पाण्यासाठी डोकी फोडतात, माहीत हाय ना?"

पुनमला माहीत होतं. ग्यानोबालाही. त्यानं गुडघा चोळला.

मदतनीस चुकू नयेत म्हणून पुनम त्यांची परीक्षा घेणारी एक शेल स्क्रिप्ट लिहायला बसली. म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी: एकेका मदतनिसाला हाक मार, प्रश्न विचार, त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघ. जुळलं तर "बराबर" छाप, नाही जुळलं तर "न्हाई". निरोप सोडण्याआधी दर वेळी ही परीक्षा घ्यायची. पण गावात वीज कधी जाईल, नेट कधी रुसेल याचा नेम नाही, म्हणून परीक्षा कुठंही चालायला हवी होती. घरच्या लॅपटॉपवर, कचेरीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि दोन्ही बंद पडले तर हातातल्या फोनवर.

लॅपटॉपवर स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात चालली. कचेरीत मात्र जुना कॉम्प्युटर आडमुठ्या बैलासारखा तिथल्या तिथं अडला. तिनं अटी दुहेरी चौकटी कंसात लिहिल्या होत्या. तो म्हणाला, असला शब्दच मला माहीत नाही. एकेरी कंस केले, तर चालला, पण पडद्यावर ओळी उमटल्या त्या अशा: "-e बराबर. -e बराबर. -e बराबर."

शेजारी स्टुलावर बसलेला ग्यानोबा वाचायला लागला. "ई बराबर, ई बराबर... हा ई कोण हाय? खातेदारात तर न्हाई."

पुनमला हसू फुटलं. तिनं छापायच्या आज्ञेला जोडलेली '-e' ही खूण लॅपटॉपवरचा शेल, म्हणजे आज्ञा वाचून राबवणारा, गुपचूप गिळायचा, आणि कचेरीतला जशीच्या तशी ओकायचा.

"मामा, माझ्या लॅपटॉपला जी बोली कळती, ती ह्याला कळत न्हाई."

"मग त्यात नवल काय? तू लग्न करून आली तवा 'कायले, कायले' म्हणायची. चतुरा वहिनी पदराआड हसायच्या."

"अन् मी काय केलं?"

"सोपं बोलाय लागलीस. साऱ्याला कळंल असं."

तेच तिनं स्क्रिप्टचं केलं. माहेरचे लाडके शब्द काढून टाकले, आणि कुठलाही शेल ऐकला की मान डोलावील अशा साध्या, जुन्या, सगळ्या घरी चालणाऱ्या आज्ञा वापरल्या. फोनवर आणखी एक खोडा निघाला. तात्पुरता मजकूर ठेवायचा जो कप्पा दोन्ही कॉम्प्युटरांत ठरल्या जागी असायचा, तो फोनमध्ये नव्हताच. मग स्क्रिप्टलाच सांगितलं, ज्या घरी जाशील तिथं आधी विचार, पिशवी कुठं ठेवू?

शुक्रवारी दुपारी तिन्ही ठिकाणी अठ्ठेचाळीस प्रश्नांना अठ्ठेचाळीस "बराबर" आले, आणि शेवटी शून्य.

"शून्य?" ग्यानोबा दचकला. "शाळेत शून्यावर मला छड्या बसायच्या."

"इथं शून्य म्हंजे तक्रार शून्य, मामा."

"मग बराबर."

शनिवारी सकाळी चाचणीचा एकच निरोप सोडायचा ठरला. चतुराबाईला, कारण तिचं वावर शेपटाच्याही शेपटाला होतं, आणि तिची जीभ गावात सगळ्यात धारदार होती. तिथं निभावलं की सगळीकडं निभावलं. तातेराव, ग्यानोबा आणि पुनम तिच्या ओट्यावर बसले. फोन वाजला. चतुराबाईनं तो कानाला न लावता सगळ्यांना ऐकू जाईल असा समोर धरला. त्यातून ग्यानोबाचा खणखणीत आवाज आला:

"चतुराबाई, तुमची पाळी, दुपारी, साडे, एक, वाजता."

मग चतुराबाई जी हसत सुटली ती ओट्यावर आडवी व्हायची बाकी राहिली. "साडेएक! अगं बया! ग्यानोबा, साडेएक कवा वाजतं रे? सव्वादीडाच्या मागून का पुढून?"

तातेरावही हसले, पण हसता हसता त्यांनी पुनमकडं बघितलं, तेव्हा त्या नजरेत सायकल होती.

ग्यानोबा हसला नाही. त्यानं तो निरोप पुन्हा ऐकला. "हे मी म्हणलो?"

"आवाज तुमचा हाय मामा," पुनम हळूच म्हणाली, "शब्द माझा हाय."

"लोकाला काय कळतंय? लोक म्हणतील, ग्यानोबाला वेळ सांगता येईना."

तातेराव उठले. "उद्या सांजपर्यंत सांग, सूनबाई. फोन का सायकल."

ते गेले. पुनम तिथंच बसून राहिली. अठ्ठेचाळीस वेळा बराबर म्हणणाऱ्या स्क्रिप्टला हे दिसलं कसं नाही? ताडायची उत्तरं आली कुठून होती? आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि कानशिलं गरम झाली. घाईघाईत तिनं उत्तरांची यादी त्याच मदतनिसाकडून काढून घेतली होती. अर्ध्या तासाला साडे लावायचं, एवढंच तिनं त्याला शिकवलं होतं. त्यानं साडेचार म्हटलं, साडेदहा म्हटलं, आणि त्याच सरळ वाटेनं साडेएक आणि साडेदोनही म्हटलं. ज्याची परीक्षा, त्यालाच तपासनीस नेमलं होतं! जन्मात साडेएक न म्हणणारी ती, पण यादीवरून नजर फिरवताना तिलाही ते खटकलं नव्हतं.

"मावशी," ती चतुराबाईला म्हणाली, "उत्तरं माणसाच्या तोंडून घ्यायला पायजे होती."

"मग घे की. आमच्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय?"

अंगणात भागूबाई आणि रूपाबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. संध्याकाळी सोल्यांची भाजी होणार होती. पुनम वही घेऊन त्यांच्यात जाऊन बसली. एक एक वेळ विचारायची, त्या सांगायच्या, ती लिहायची. साडेअकरा, पावणेबारा, साडेबारा, सगळं सुरळीत चाललं. मग तिनं विचारलं, "बारा वाजून पंचेचाळीस मिनिटं?"

"पाऊण," भागूबाई म्हणाली.

"पावणेएक," रूपाबाई म्हणाली. तिचं माहेर पलीकडं रिसोडच्या अंगाला.

"पावणेएक काय? पाऊण म्हणावं सरळ!"

"पाऊण तर पायली का काय मोजताना म्हणतेत. घड्याळात पावणेएक!"

"तुझ्या माहेरी घड्याळ होतं का?"

"तुझ्या सासरी हाय का?"

शेंगा बाजूलाच राहिल्या. सव्वाएक म्हणायचं की नुसतं सव्वा, यावर तर ग्यानोबालाही मध्ये ओढलं. तो म्हणाला, "मी भागूबाईला सव्वा म्हणतो, रूपाबाईला सव्वाएक म्हणतो. ज्याच्या बांधावर जो शब्द."

पुनमची लेखणी थांबली. केवढी सोपी गोष्ट! तीस वर्षं हा माणूस दर बांधावर शब्द बदलत होता, आणि वेळ तीच राहत होती.

तेवढ्यात चतुराबाईनं शेंगांचं सूप पुढं ओढलं आणि जात्यावर बसल्यासारखा डुलत सूर धरला. ओव्या रचायला तिला ना जातं लागायचं, ना निमित्त:

"पाऊण वाजला गं, पाणी निघालं धरणाचं,
सव्वाला पुसतं, घर कोणतं चतुराचं?
दीड वाजला गं, पाणी बांधाला टेकलं,
अडीचाच्या आत, माझ्या हळदीनं देखलं."

"पुन्हा म्हणा!" पुनम ओरडलीच. चतुराबाईनं पुन्हा म्हटलं. पुनमनं वहीत चार शब्दांखाली रेघा ओढल्या. पाऊण, सव्वा, दीड, अडीच. नियमाबाहेरचे जेवढे शब्द घड्याळात होते, ते सगळे या बाईनं एका दमात चार ओळींत बसवले होते. जिभेला जे पाठ होतं, ते पुनमच्या नियमाला ठाऊकच नव्हतं.

"मावशी, तुमची ओवी परीक्षेत घालते."

"घाल. पण नापास झाली तर मला सांगू नको."

त्याच दुपारी ग्यानोबा पुन्हा गोधडीत शिरला आणि तीन शब्द बोलून आला: पाऊण, दीड, अडीच. रविवारी पुनमनं मदतनिसाला नवे शब्द शिकवले, कुणाच्या घरी कोणता शब्द चालतो तेही सांगितलं. स्क्रिप्टमध्ये उत्तरांची यादी वहीतून उतरवली. जिथं पाऊण होतं, तिथं एक उभी रेघ ओढून शेजारी पावणेएक लिहिलं, तसंच सव्वाशेजारी सव्वाएक. ही रेघ जुन्यातल्या जुन्या शेललाही कळायची: यातलं कुठलंही आलं तरी बराबर. मग तिनं मुद्दाम आधीचाच, न शिकलेला मदतनीस परीक्षेला बसवला. स्क्रिप्टनं त्याला साडेएकवर पकडलं, साडेदोनवर पकडलं, आणि लगेच दोनदा "न्हाई" छापलं. ते "न्हाई" बघून पुनमला जेवढा आनंद झाला, तेवढा शुक्रवारच्या अठ्ठेचाळीस बराबरांनी झाला नव्हता. नवा मदतनीस बसवला. सगळं बराबर, शेवटी शून्य.

संध्याकाळी तातेरावांनी स्वतःच्या कानांनी चार निरोप ऐकले. "दीड म्हणतोय," ते म्हणाले. "ठीक. उद्या फोन."

सोमवारी उजाडताच वीज गेली. कचेरीतला कॉम्प्युटर मुका, घरच्या लॅपटॉपची बॅटरी रात्रीच संपलेली. पुनम पाटाच्या पुलावर चढली, तिथं नेट यायचं. फोनवर स्क्रिप्ट चालवली. बराबर, बराबर, बराबर, अंगठ्याखालून ओळी सरकत राहिल्या, आणि शून्य आलं. तिनं निरोप सोडले.

शिवारात इथून तिथून फोन वाजू लागले. हरभऱ्यात, गव्हात, हळदीच्या सऱ्यांत, एकाच वेळी बत्तीस ठिकाणी ग्यानोबा बोलला. घटकाभरात भागूबाई तणतणत पुलाशी आली.

"पुनम, तुझ्या सासऱ्याला काय झालं गं? वेळ सांगितली, मी म्हणलं, गुडघा कसा हाय? तर फटकन फोन ठेवला त्यानं! तीस वर्षांत असं केलं न्हाई!"

"काकू, तो नुसता आवाज होता."

"आवाज असला म्हणून काय झालं? इचारलेलं सांगू नये का?"

पुनमनं तिथल्या तिथं ग्यानोबाला फोन लावून दिला. भागूबाईनं गुडघा विचारला, खोकला विचारला, आणि समाधानानं वावराकडं गेली. दहा वाजता पहिली पाळी लागली, साडेअकराला दुसरी. पावणेएकला रूपाबाई बांधावर होती, आणि पाणीही.

दुपारी चतुराबाईच्या वावरात पुनम पोचली, तर बांधावर ग्यानोबा आधीच बसलेला.

"तू काहून आलास?" चतुराबाई फावडं टेकून विचारत होती. "सांगायला तर फोन हाय ना?"

"बघायला आलो, वहिनी."

"काय बघायला?"

ग्यानोबा जरा लाजला. "तुमच्या वावरात पाणी शिरताना मी कधी बघितलंच न्हाई. कुणाच्याच न्हाई. सांगितलं की पुढच्या बांधावर, सांगितलं की पुढच्या. पाणी मागून यायचं, मी आपला म्होरं."

"मग बघ आता," चतुराबाई म्हणाली. "बस निवांत."

दीड वाजला. चतुराबाईनं फावड्यानं चारीचं तोंड फोडलं. पाणी आत आलं, तोंडाशी वाळकी पानं ढकलत, भेगांत थबकत, भेगा भरल्या की पुन्हा पुढं. हळदीची पिवळी पडत चाललेली पानं हलली. ग्यानोबानं वहाणा काढून ठेवल्या. पाणी पहिल्या सरीतून दुसऱ्या सरीत वळलं, तसा तोही बसल्या बसल्याच बांधावरून त्याच्या जोडीनं सरकला. तिसऱ्या सरीत वळलं, तसा आणखी थोडा सरकला.