सवतीचं लुगडं

"चंची तशीच का लोंबतीय रं?" मनुबाईनं विचारलं.

भरमा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. खुंटीवरच्या तंबाखूच्या चंचीकडं न बघताच तो म्हणाला, "सोडली."

"काय सोडलीस?"

"तंबाखू."

मनुबाई उंबऱ्यातच थबकली. निपाणीच्या तंबाखूशिवाय आपल्या लेकाची सकाळ उजाडत नाही, हे तिलाच काय, सगळ्या शहापुराला ठाऊक होतं. तापानं फणफणलेला असतानाही त्यानं उशाखालची चंची कुणाला हलवू दिली नव्हती. असा माणूस तंबाखू सोडतो म्हणजे नवसच बोललेला असणार. आणि नवस कशाचा, हे काय सांगायला हवं? लग्नाला दहा-बारा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. दुसरी कर, दुसरी कर म्हणून मनुबाईनं कंठशोष केला, पण हा हूं की चूं करत नव्हता. आता देवानंच बुद्धी दिली म्हणायची. मनुबाईचे हिशेब असे झटपट सुटायचे.

"बरं क्येलंस बाबा," ती म्हणाली आणि पदर सावरत थेट वडगावला परशराम विणकराच्या घरी गेली. त्याची पोरगी तिनं कधीचीच हेरून ठेवली होती.

भरमानं आईला थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्याच्यात नव्हती.

खरं असं होतं. वर्षापूर्वी त्याची बायको अंजनी माहेरी जाते म्हणून निघाली आणि थोरल्या बहिणीला सोबत घेऊन दवाखान्यात डॉक्टरीणबाईला दाखवून आली. तोवर बिचारीनं करायचं काय बाकी ठेवलं होतं? सोमवार धरले, उंबराला फेऱ्या घातल्या, वैदूचे काढे पोटात आग पडेस्तोवर प्याली. डॉक्टरीणबाईनं नीट तपासलं आणि सांगितलं, "तुझ्यात काही दोष दिसत नाही. आता नवऱ्याला घेऊन ये. दोघांना तपासल्याशिवाय औषध द्यायचं कुणाला?"

अंजनीनं हे भरमाच्या कानावर घातलं, तेव्हा त्यानं पुढ्यातलं ताट सरकवलं होतं. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी." त्यानंतर तिनं विषय काढला नाही. सासूजवळ तर नाहीच. गल्ली तिला वांझ म्हणत राहिली आणि ती ऐकून घेत राहिली.

मग मध्यंतरी शेजारी बारसं झालं. अंजनीनं हौसेनं शिवलेली कुंची कुणीतरी दारातच तिच्या हातून घेतली. पाळण्यापाशी तिला बोलावलं नाही. भरमानं ते मागावरून पाहिलं आणि सूत आणायला जातो म्हणून त्यानं दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरनं त्याचं बीज भिंगाच्या काचेखाली तपासून विचारलं, "वयात येताना गालगुंडं आली होती?" आली होती, आणि सूज खालीही उतरली होती.

"बीज आहे, पण फार थोडं. तंबाखू सोडा, दूध-अंडी खा, काही महिन्यांनी पुन्हा या. आशा सोडू नका, पण खात्रीही धरू नका."

"आन् दुसरी बायकू क्येली तर?"

"तिच्या बाबतीतही हेच," डॉक्टर म्हणाले.

वडगावचे पाहुणे शुक्रवारी यायचे ठरले. भरमाच्या भावकीत एक रीत होती. सवत आणायची तर तिचं लुगडं घरच्याच मागावर विणायचं, आणि त्याचं सूत नळीसारख्या कांड्यांवर पहिलीनं आपल्या हातानं गुंडाळून भरायचं. पहिलीचा होकार आहे का, हे मग कुणी विचारत नसे. मनुबाईनं हिरवं सूत अंजनीपुढं आणून ठेवलं. अंजनीनं मुकाट्यानं कांड्या भरायचा रहाट ओढून घेतला.

"तू कशाला भरतीयास गं?" आई बाहेर गेल्यावर भरमानं विचारलं.

"रीत हाय न्हवं?"

"आये म्हणती तसा नवस न्हाय त्यो."

"ठावं हाय मला. देवासाठी तंबाखू सोडणारं न्हवं तुमी." ती जराशी हसली. "दवाखान्यात गेलतासा. काय म्हणलं डाक्टर?"

भरमा मागावरचा तुटलेला धागा जोडू लागला. अंजनीनं वाट पाहिली, मग पुन्हा रहाट फिरवला.

"ऱ्हाऊ द्या. मी काय कुणाला सांगायची न्हाय."

तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

शुक्रवारी परशराम भावाला घेऊन आला. चहापाणी झालं. अंजनीनं भरलेल्या कांड्यांची टोपली मागापाशी आणून ठेवली. पाहुण्यांदेखत पहिली कांडी मागाच्या धोट्यात घालून विणायला सुरुवात करायची, म्हणजे बोलणी पक्की. भरमानं कांडी उचलली. ती इतकी सारखी, इतकी निगुतीनं भरलेली होती की त्याला स्वतःची लाज वाटली.

"परशरामआण्णा, ह्ये लुगडं तुमच्या पोरीसाठी मी इणायचा न्हाय."

"आरं, काय बोलतूस?" मनुबाई ओरडली.

"दोष माझ्यात हाय, आये. हिच्यात कायबी न्हाय. डाक्टरनं बघून सांगितलंय." मग तो परशरामकडं वळला. "तुमची पोर आणली, तर तीबी उद्या अशीच रहाटाम्होरं बसंल."

परशरामनं फेटा डोक्यावर ठेवला. उंबऱ्यात वळून तो म्हणाला, "पोरीचा बाप हाय मी. उपकार झालं." मनुबाई त्या दिवशी जेवली नाही. अंजनी मात्र चुलीपुढं बसून रडली, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत रडली. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

लुगडं भरमानं विणलं, अंजनीसाठी. त्यानं पुन्हा तंबाखूला हात लावला नाही. दूध प्याला, नाक मुरडत अंडी खाल्ली, दवाखान्यात हेलपाटे घातले. अंजनीही बरोबर जायची. पुढं दुसरं महायुद्ध सुरू झालं, सूत मिळेना, माग कधी चालायचा, कधी नाही. पाळणा हलला नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा नवी कासारीण दारात बांगड्या घेऊन बसली होती. विटलेलं हिरवं लुगडं नेसलेल्या अंजनीचा हात दाबत तिनं मायेनंच विचारलं, "पोरंबाळं किती गं तुला?"

अंजनीनं मान हलवली.

"अगं बाई! एकबी न्हाय?"

मनुबाई आत तांदूळ निवडत होती. सूप तसंच टाकून ती उंबऱ्यापर्यंत आली.

"तिला काय इचारतीस? इचारायचं तर माझ्या लेकाला इचार. त्यो काय तिथं बसलाय."

कासारीण ओशाळून मागाकडं बघू लागली. भरमानं मान वर केली.

"व्हय बाई," तो म्हणाला, "मलाच इचारा." आणि त्यानं मागावरच्या धाग्यांतून धोटा फेकला.