रुख्मिणीबाईचं भगुनं

दगडोबा मास्तरांनी परात उलटी केली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव वाचलं. नाव त्यांच्याच घरचं होतं. मग वहीत लिहिलं: परात, पितळी, एक. परातीला पुन्हा एकदा हात लावला आणि ओळीच्या शेवटी बरोबरची खूण केली.

द्वारकाबाई ओट्यापाशी बसून डाळींचे डबे रिकामे करत होत्या. सकाळपासून एक कपाट आणि अर्धी मांडणी एवढंच लिहून झालं होतं. ह्या चालीनं आपण हिंगोलीला दिवाळीतच पोचू, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. मास्तरांनी दोन्ही वेळा ऐकलं नाही.

टेम्पो गुरुवारी यायचा होता. आज सोमवार. मुलानं, हरीशनं, फोनवर सांगितलं होतं, टेम्पो एकच खेप करणार, आणि हिंगोलीच्या घराला माळा नाही, तेव्हा काय न्यायचं ते आधीच ठरवा, यादी करा. यादी करा हे मास्तरांना सांगावं लागत नव्हतं. तांड्यावरच्या शाळेत त्यांची तीस वर्षं गेली होती. खडूच्या पेट्यांपासून खिचडीच्या तांदळापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून लिहिलं गेलेलं. पोरांना मोजायला शिकवतानाही ते सांगत, वस्तूला बोट लावल्याशिवाय आकडा म्हणायचा नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी भाजीवाल्याच्या पाटीतली वांगी ते बोट लावून मोजत.

वहीच्या पानावर त्यांनी पट्टीनं तीन रकाने आखले होते. पहिला, न्यायचं. दुसरा, इथं ठेवायचं. तिसऱ्यावर लिहिलं होतं, दुसऱ्याचं, आपल्याकडं. गाव सोडताना कुणाची वस्तू आपल्या सामानात जाऊ नये, म्हणून हा रकाना. तो त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. द्वारकाबाई एका डब्यातली मेथी दुसऱ्या डब्यात ओतत राहिल्या.

दुपारपर्यंत तिसऱ्या रकान्यात दोन ओळी झाल्या. शेजारच्या शिलाची रव्याची चाळणी. नरसिंगची शिडी. चाळणी द्यायला द्वारकाबाई उठल्या आणि दारातून मागं वळून म्हणाल्या,

"माळ्यावर चढू नका. तिथं फुटकं-तुटकं हाय. हरीश आल्यावर बघंल तो."

"यादी म्हणजे यादी," मास्तर म्हणाले.

"गुडघा दुखला तर मला सांगू नका मंग."

त्या गेल्या. मास्तरांनी नरसिंगची शिडी लावली, कारण ती परत द्यायच्या आधी तिचा एक उपयोग राहिला होता, आणि चढले. माळ्यावर मोडका पाळणा होता, हरीशची वह्या-पुस्तकांची पेटी होती, बिनदांडीची कुऱ्हाड होती. अगदी कोपऱ्यात एक पोतं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. ते त्यांनी ओढलं. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पितळेचं मोठं भगुनं होतं, वीस-पंचवीस माणसांची आमटी होईल एवढं.

ते घेऊन मास्तर खाली उतरले. खिडकीपाशी बसून त्यांनी काठ फिरवला. ठिपक्यांचं नाव सापडलं.

रुख्मिणीबाई मोहनसिंग राठोड.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा वाचलं.

अकरा वर्षांपूर्वी हरीशचं लग्न ह्याच अंगणात झालं होतं. मंडपाची भांडी भाड्यानं आणायची पद्धत तेव्हा आजच्याएवढी नव्हती. गावातून आणि तांड्यातून घरोघरची भांडी गोळा झाली होती, आणि कुणाचं काय आलं ते मास्तरांनी वहीत उतरवलं होतं. तांड्यातली घरं रस्त्याच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर. राठोडांकडून दोन पराती, एक घागर, एक भगुनं आलं होतं. रुख्मिणीबाई आणि द्वारकाबाईंचं इतकं जमत होतं की लग्नाच्या आधी आठ दिवस रुख्मिणीबाई जेवायलाही घरी जात नव्हती.

लग्नानंतर चौथ्या दिवशी ती दारात आली आणि म्हणाली, माझं भगुनं राहिलं तुमच्याकडं. द्वारकाबाईंनी घर पाहिलं, सापडलं नाही. मग मास्तरांनी वही काढली. राठोडांच्या चारही वस्तूंपुढं परत गेल्याची खूण होती. रुख्मिणीबाई म्हणाली, खूण असंल, भगुनं न्हाई. तेव्हा अंगणात पापड वाळवायला सात-आठ बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर द्वारकाबाई म्हणाल्या, मास्तरांच्या वहीत खोट निघायची न्हाई, तूच कुठं तरी देऊन बसली असशील. रुख्मिणीबाई आल्या पावली निघून गेली. नंतर तांड्यात आणि गावात बोललं गेलं की एका भगुन्यासाठी म्हातारी खोटं बोलली. दोघींचं बोलणं तेव्हापासून बंद. पुरुषांचं चालू राहिलं. मोहनसिंग रस्त्यात भेटला की हळदीच्या भावावर बोलायचा, घरच्या गोष्टीवर कधीच नाही.

भगुनं मांडीवर घेऊन मास्तर बसले. ती संध्याकाळ त्यांना आठवली. पाहुणे जाऊन अंगण रिकामं झालेलं, ते खुर्चीवर वही घेऊन बसलेले, चार दिवसांच्या जागरणानं डोळे मिटत होते. राठोडांचं सगळं गेलं का, असं त्यांनी विचारलं होतं. आतून कुणी तरी म्हणालं, गेलं. आणि त्यांनी एका ओळीत चार खुणा ओढल्या होत्या. बोट लावलं नव्हतं.

पेन वहीवर उघडंच होतं. पहिल्या रकान्यात "भगुनं, पितळी, एक" लिहिलं असतं तर कुणी नाव वाचायला आलं नसतं. लुगड्यात गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवलं असतं तरी चाललं असतं. मास्तरांनी ते लुगड्यात गुंडाळलंही. मग त्यांचा हात थांबला. लुगडं बाजूला करून त्यांनी भगुनं पुन्हा उजेडात धरलं. अकरा वर्षं पोत्यात पडलेलं पितळ हिरवं पडतं, काळं पडतं. ह्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता.

द्वारकाबाई आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. शिडी पाहिली, पोतं पाहिलं, मास्तरांच्या मांडीवरचं भगुनं पाहिलं. मग आत येऊन भिंतीला टेकून खाली बसल्या.

"राठोडांचं हाय," मास्तर म्हणाले.

"व्हय."

"कवापासून ठाऊक हाय तुला?"

द्वारकाबाईंनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. लग्नाच्या वर्षीच, दिवाळीचं घर सारवताना, ज्वारीच्या कणगीमागं सापडलं. उरलेली बुंदी कुणी तरी त्यात झाकून ठेवली होती आणि विसरली. मुंग्यांची रांग लागली होती, म्हणून दिसलं.

"मंग नेऊन काहून दिलं न्हाई?"

"काय म्हणून देऊ? सात-आठ बायांसमोर मी वहीचं नाव घेतलं होतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तवा सारा तांडा तुमच्याकडं कागद घेऊन येत होता. रेशनचं, जातीच्या दाखल्याचं, लेकरांच्या शाळेचं. मास्तरनं लिहिलं म्हणजे बराबर असंल, म्हणत होते. एक खूण खोटी निघाली असती तर मागच्या साऱ्या खुणा लोकांनी उकरल्या असत्या."

"म्हणून तू रुख्मिणीशी बोलणं सोडलं?"

"तिनं सोडलं. मी धरलं न्हाई, एवढंच."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मास्तरांनी भगुनं पुन्हा उजेडाकडं फिरवलं.

"आन् हे घासत काहून राहिली?"

"वर्षातून एकदाच. शिवरात्रीला तुमी औंढ्याला जाता ना, त्या दिवशी." द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं न पाहता सांगितलं. "दुसऱ्याचं भांडं हाय. काळं पडू देऊन कसं चालंल."

मास्तरांनी वही ओढली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: भगुनं, पितळी, एक. रुख्मिणीबाई मोहनसिंग राठोड. भगुन्यावर हात ठेवला, पण खूण केली नाही. पेनाला टोपण लावलं आणि पायात चपला सरकवल्या.

"मी नेऊन देतो."

"काय सांगसाल?"

"वही चुकली म्हणून सांगतो."

"आन् माझं?"

मास्तरांनी भगुनं उचललं. द्वारकाबाई उठल्या, त्यांच्या हातातून भगुनं घेतलं, पदरानं आतून पुसलं. दुसऱ्याच्या घरी भांडं रिकामं जात नसतं, म्हणून नुकत्याच बांधलेल्या पोत्याची गाठ सोडून त्यांनी भगुन्यात दोन मापं ज्वारी ओतली. ओतताना थोडी खाली सांडली. ती वेचायला त्या बसल्या त्या मास्तर जाईपर्यंत वेचतच राहिल्या.

राठोडांच्या अंगणात हळद पसरली होती. शिजवून वाळवलेल्या हळदीची बोटं मोडायला पाच-सहा बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये रुख्मिणीबाई, सत्तरीची, मनगटापर्यंत पिवळी. मास्तरांना पाहून तिची सून संगिता बाज टाकायला उठली. मास्तर बसले नाहीत. अंगणातल्या बायांपैकी दोघी अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या अंगणात पापड वाळवत होत्या, हे त्यांनी आल्याआल्या ओळखलं होतं.

"रुख्मिणीबाई," ते म्हणाले, आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा तसा आवाज त्यांनी लावला, "हे तुमचं भगुनं. हरीशच्या लग्नातलं. आमच्याकडंच राहिलं होतं. माझ्या वहीतली खूण खोटी होती. तुमी खरं बोलत होत्या."

हळद मोडायचा कडकड आवाज थांबला. रुख्मिणीबाईनं हात लुगड्याला पुसले आणि भगुनं घेतलं. आधी आतली ज्वारी पाहिली. मग काठ फिरवून नावावरून अंगठा नेला. मग ते उन्हात जरा तिरकं धरलं.

"कुठं होतं म्हणता?"

"माळ्यावर. आज सामान काढताना सापडलं."

"अकरा वरसं माळ्यावर. आन् असं चकचकीत?"

मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ लिहिलं होतं, पण माहीत असून खोटी ओळ कधी लिहिली नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"मी घासलं. सकाळी."

एका बाईनं पदर तोंडाशी नेला. संगिता दुसरीकडं बघायला लागली. रुख्मिणीबाई हसली नाही.

"कशानं घासलं, मास्तर?"

"राखेनं."

"राखेनं असा रंग येत न्हाई," ती सावकाश म्हणाली. "चिंच लागती. आन् दोन पहर हात मोडावं लागतात."

मास्तर खाली बघत उभे राहिले. चुकीचं उत्तर देऊन पोरगं उभं राहावं, तसे. रुख्मिणीबाईनं त्यांना आणखी काही विचारलं नाही. घर कवा सोडून राहिले, म्हणाली. गुरुवारी, ते म्हणाले. तिनं मान हलवली. सुपात ज्वारी ओतून घेतली, ओंजळीनं हळद उचलून दोनदा, तीनदा भगुन्यात टाकली आणि भगुनं त्यांच्यापुढं सरकवलं.

"घेऊन जा माघारी."

"अहो, पण तुमचंच हाय ते."

"माझंच हाय. उद्या मी येते, माझ्या हातानं घेऊन जाईन. द्वारकाला सांगा." ती पुन्हा हळदीपुढं बसली. "संगिता, मास्तरला चहा ठेव."

मास्तर चहा पिऊन परत आले तेव्हा द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. मास्तरांच्या हातात भगुनं तसंच पाहून त्यांनी चौकट धरली.

"घेतलं न्हाई तिनं."

"न्हाई. उद्या येती म्हणाली. तिच्या हातानं घेऊन जाईन म्हणाली. तुला सांगायला लावलं."

"माझं नाव घेतलं?"

"व्हय. द्वारकाला सांगा, म्हणाली."

द्वारकाबाईंनी भगुनं घेतलं. आत हात घातला, हळदीचं एक बोट उचलून नखानं टोकरलं, नाकाशी धरलं आणि परत आत ठेवलं.

"उद्या सकाळी का दुपारी?"

हे मास्तरांनी विचारलं नव्हतं.

"एवढंबी इचारलं न्हाई तुमी," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि भगुनं खाली ठेवून, पुढच्या खोलीत माणसाला बसायला जागा व्हावी म्हणून बांधलेले खोके एकेक करून भिंतीकडं सरकवू लागल्या.