दुष्काळीचं बारसं

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. हसू नका! तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी आता मिक्सर फिरतो, तेव्हा वरवंटा कशाला म्हणतात हेही ठाऊक नसेल. पाट्यावर मिरच्या, लसूण, कारळं ठेवायचं आणि ज्या लांबट गोल दगडानं ते रगडायचं, तो मी. पाटा माझा जोडीदार. तो जन्मभर आडवा पडून राहिला आणि राबलो मी एकटा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण ते राहू द्या.

उदगीरकडच्या एका खाणीतल्या काळ्या दगडातून पाथरवटानं मला घडवलं. बाजारात एका लिंगायत शेतकऱ्याच्या बायकोनं मला उचललं, दोन्ही हातांवर तोललं आणि ती म्हणाली, "ह्यो बरा हाय. लेकरावानी हातात बसतो." तिला तेव्हा दिवस गेले होते. पुढे तिला मुलगी झाली आणि मला माझं दुसरं काम समजलं.

आमच्याकडे बाळ जन्मलं की पाचवीला पाटा-वरवंट्याला हळदकुंकू वाहतात आणि सटवाई म्हणून पुजतात. सकाळी ठेचा वाटणारा मी संध्याकाळी देवी होतो! मग बारसं. त्या दिवशी मला धुऊन पुसून टोपडं घालतात आणि बाळाच्या आधी मलाच पाळण्यात निजवतात. काही इडापिडा असलीच तर ती दगडाला लागावी, लेकराला लागू नये. बाया मला पाळण्याखालून एकमेकींच्या हाती देतात, नवी नवी नावं घेऊन हसतात. मग बाळाची पाळी येते. आत्या वाकून त्याच्या कानात नाव सांगते आणि मागच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या मुलीचं नाव ठेवलं शरणम्मा. तिच्या कानात पडलं तेव्हाच मीही ते ऐकलं.

शरणम्मा मोठी झाली. जळकोटजवळच्या एका गावात किराणा दुकान चालवणाऱ्या गुंडप्पाशी तिचं लग्न लागलं आणि तिच्या आईनं मला तिच्याबरोबर सासरी धाडलं. पण तिथे पंचाईत झाली. सासूचं नावही शरणम्माच! एका घरात दोन शरणम्मा कशा नांदणार? शिवाय सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी रीत. मग ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यावर 'पार्वतम्मा' लिहिलं आणि ती पार्वतम्मा झाली. तिला कुणी विचारलं नाही. तिचं पहिलं नाव त्या घरात पुढे फक्त माझ्याच लक्षात राहिलं आणि मला तर वाचा नाही. मला फार वाईट वाटलं.

सासू म्हातारपणी गेली. त्यानंतर आला बाहत्तरचा दुष्काळ. अरे देवा! तसे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. गावचा आड तळाला गेला. त्या आडाच्या काठावर शेंदूर लावलेली एक देवी आहे, आमच्याच जातीची, म्हणजे दगडाची. आड भरलेला असायचा म्हणून गाव तिला भरलीआई म्हणायचं. पाणी आटलं तशा बाया रागानं तिला कोरडीआई म्हणू लागल्या. माझ्याखालीही कित्येक दिवस वाटण आलं नाही. वाटायला काही असायला तर हवं!

अशा वेळी पार्वतम्माला मुलगी झाली. पाचवीला सटवाई मांडली, पण मला धुवायलाही पाणी नव्हतं, नुसतं पदरानं पुसलं. बारसं करायचं तर गुंडप्पाची थोरली बहीण उमाबाई नांदेडहून यायला हवी होती. नाव ठेवायचा मान आत्याचा. गुंडप्पानं एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला, "अक्का, इथं पाणी न्हाई. आत्ता येऊ नको. पाऊस पडल्यावर बारसं करू."

पुढल्या वर्षी पाऊस पडला. आड भरला. बायांनी देवीची ओटी भरली, कान धरले आणि ती पुन्हा भरलीआई झाली. बारसं मात्र राहिलं ते राहिलंच! उमाबाई रुसली होती. आई गेल्यावर माहेर म्हणजे भाऊच, आणि भावानंच येऊ नको म्हणावं? आता भाऊ न्यायला आल्याशिवाय उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं तिनं ठरवलं. गुंडप्पा म्हणायचा, "आपलीच बहीण हाय, यील की." ती वाट बघत राहिली आणि हाही. दोघं एकाच आईची लेकरं, हट्टाला तोड नाही.

बिनानावाच्या पोरीला लोक काय म्हणणार? दुष्काळात जन्मली म्हणून दुस्काळी. शाळेत मास्तरांनी 'बेबी' असं नाव घातलं, पण पोरं 'दुस्काळे, ए दुस्काळे' असंच ओरडायची. ती कधी 'ओ' द्यायची नाही. मान खाली घालून यायची.

ती दहा वर्षांची झाली त्या साली पाऊस पुन्हा लांबला. गावच्या बाया-पोरी तांबे घेऊन भरलीआईला पाणी घालायला निघाल्या. हीही निघाली. शेजारची लक्ष्मम्मा मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "दुस्काळे, तू नगं येऊस माय. तुझ्या नावानंच ढग माघारी फिरत्यात."

पोर परत आली. भरला तांब्या माझ्याजवळ ठेवून कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसली. पार्वतम्मा चुलीपुढे होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्याच पावसाळ्यात लातूर नवा जिल्हा झाला. गुंडप्पाला कोण आनंद! दुकानात येईल त्याच्या हातावर त्यानं पेढा ठेवला. संध्याकाळी घरी येऊन बायकोलाही पेढा दिला. तिनं तो परत त्याच्याच हातात ठेवला.

"जिल्ह्याचं बारसं पेढे वाटून केलंव," ती म्हणाली. "आन् पोटच्या पोरीचं?"

"अक्का आल्याबिगर कसं करावं?"

"मग जाऊन आणा की!"

"मी काय चुकलो? पाणीच नव्हतं तवा."

दुसऱ्या दिवशी पार्वतम्मानं मला मऊ लुगड्यात गुंडाळलं, पोरीचा हात धरला आणि नांदेडची एसटी पकडली. मी जन्मात पहिल्यांदा गाडीत बसलो! मला मांडीवर पाहून कंडक्टर म्हणाला, "लेकराचं तोंड तरी उघडं ठिवा, बाई. गुदमरंल ते."

"त्याचं नाव ठिवायचं हाय अजून," पार्वतम्मा म्हणाली. "आत्याकडं चाललाव."

कंडक्टरनं डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अख्खी गाडी हसली. पोरसुद्धा हसली. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

उमाबाईनं दार उघडलं, पण ती 'या' म्हणाली नाही. ओट्यावर बसून तिनं तोंड फिरवलं. पार्वतम्मानं मला तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय गं?"

"तुमची भाची, वन्सं. बारशाची वाट बघून बघून दगड झाली."

"मला येऊ नको म्हणून सांगितलं हुतं तुमीच."

"दारात आलेल्या बहिणीच्या पायावर घालायला तांब्याभर पाणी नव्हतं. त्याची त्यांना लाज वाटली, म्हणून येऊ नको म्हणाले."

"आगं, मी काय पाणी प्यायला येणार हुते?" उमाबाईनं गर्रकन तोंड इकडे वळवलं. "माझी घागर घिऊन आले असते की मी!"

तेव्हा आईच्या मागे उभी राहिलेली पोर पुढे आली. "आत्या, आमच्याकडं भरलीआईला दुष्काळात कोरडीआई म्हणत हुते. पाणी आल्यावर तिचं नाव माघारी दिलं. माझं कवा देणार?"

उमाबाईनं तिला जवळ ओढलं आणि हमसून हमसून रडली. मी दोघींच्या मधे चेंगरलो होतो. चालायचंच.

उमाबाई आमच्याबरोबरच गावी आली आणि बारसं झालं. पाळणा लक्ष्मम्मानंच आणून दिला, खाली मान घालून. एवढी घोडी पाळण्यात मावणार कशी? म्हणून टोपडं घालून मला निजवलं आणि पोर शेजारी पाटावर बसली. गुंडप्पा दाराशी उभा राहून सारखी बहिणीची नजर चुकवत होता. उमाबाई वाकली, भाचीच्या कानात बोलली, पाठीत धपाटे खाल्ले आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या आईचं नाव ठिवलं बगा. शरणम्मा!"

पार्वतम्माच्या हातातली पाळण्याची दोरी थांबली.

गुंडप्पा गडबडला. "अक्का, अगं, हिनं सासूचं नाव कसं घ्यायचं? पोरीला हाक कशी मारावी?"

बाया लगेच सल्ले देऊ लागल्या. ताई म्हण, बाळी म्हण, काहीही म्हण. पोरीचा चेहरा पडला. पुन्हा दुसरंच काहीतरी!

"म्या सासूचं नाव घेत न्हाई," पार्वतम्मा म्हणाली. "माझं घेते. लगनाआधी मी शरणम्माच हुते."

 एवढ्या वर्षांत उमाबाईच्याही ते ध्यानातून गेलं होतं. पार्वतम्मा उठली, अंगणात गेली आणि तिनं साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "शरणम्माऽऽ!"

"ओ, माय!" आतून पोर ओरडली आणि उड्या मारत बाहेर धावली.

मित्रांनो, त्या घरात आता मिक्सर आहे आणि मी परसात मोरीजवळ पडून असतो. माझ्याकडे कुणी पाहत नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं. मला आत न्या असं मी म्हणत नाही. पण तुमच्या वर्गात, गल्लीत कुणाला भलत्याच नावानं हाक मारत असतील, तर जवळ जाऊन विचारा, 'तुझं खरं नाव काय?' तुमच्या आईलाही विचारा, तिला माहेरी काय म्हणायचे. विचारलंत, की मग त्या नावानं एकदा मोठ्यानं हाक मारा. आतून कशी 'ओ' येते ती ऐका.