गंधकाच्या पापुद्र्यातलं प्लॅटिनम

घरात तिला सगळे बारकी म्हणत. भावंडांत शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव, पण कामही तसंच बारीक मिळालं. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, क्ष-किरण टाकून वस्तूच्या अगदी वरच्या थरात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारं यंत्र होतं, ते ती सांभाळायची. तिची वहिनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर संशोधन करायची. नणंद-भावजय एकाच छताखाली घरीही आणि कामावरही, म्हणून लोक थट्टा करत, "भांडायला जागा तरी उरली का तुम्हाला?"

भांडण नव्हतं, पण एक सल होता. वहिनीचा पीएचडीचा विषय आधी बारकीने मागितला होता. मार्गदर्शक सरांनी तो वहिनीला दिला. बारकीने तेव्हा हसून पेढ्यासारखा गोड चेहरा केला आणि यंत्राच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं होतं.

विषय असा होता: पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायला प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक नाही, पण ते पडतं महाग. वहिनीने मॉलिब्डेनम आणि गंधकाचा अतिपातळ पापुद्रा वीजवाहक काचेवर चढवला आणि तो प्लॅटिनमच्या तोडीस तोड काम करू लागला. गंमत म्हणजे वापरावा तसा तो जास्तच तरतरीत होई. सरांनी जगभर डंका पिटला होता. आज दुपारी वहिनीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी आदल्या दिवशी एकच शंका काढली होती. वापरलेल्या पापुद्र्याचा पृष्ठभाग तपासला आहे का? वहिनीने संध्याकाळी तुकडा बारकीच्या हातात ठेवला. "एवढं सकाळी उरकून दे गं. औपचारिकताच आहे."

सकाळी पडद्यावर मॉलिब्डेनम दिसलं, गंधक दिसलं. आणि जिथे सपाट रेघ असायला हवी तिथे दोन जोडशिखरं उभी होती. ती शिखरं तिने झोपेतही ओळखली असती. प्लॅटिनम.

आपल्याच यंत्रात काही सांडलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं. तुकडा ठेवायचा धारक धुतला, त्याच खेपेतला एक कोरा, न वापरलेला पापुद्रा लावला. कोरा अगदी स्वच्छ निघाला. म्हणजे प्लॅटिनम चाचणीच्या वेळीच आलं होतं. कुठून, तेही उघड होतं. आम्लात पापुद्र्यासमोर दुसरं टोक म्हणून प्लॅटिनमचीच तार असायची. ती कणाकणाने विरघळत होती आणि पापुद्र्यावर जाऊन बसत होती. काम करत होतं प्लॅटिनम, नाव होत होतं गंधकाचं.

हे कळताच तिला क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला नंतर भीती वाटली. आता सांगावं तर नणंदेने दावा साधला म्हणतील. न सांगावं तर? छापील कागद तिच्या हातात गरम लागत होता.

ती जिना चढून वर गेली. वहिनी भाषणाची उजळणी करत होती. बारकीने कागद तिच्यापुढे धरला आणि बोटाने ती शिखरं दाखवली.

वहिनीने वाकून शिखरं निरखली. "तुझं यंत्र खराब असेल."

"कोरा तुकडा लावून बघितला. स्वच्छ आहे."

"आजच सापडायचं होतं का तुला?" वहिनीचा आवाज चिरका झाला. "विषय मिळाला नाही म्हणून एवढं?"

"वहिनी, तुकडा तू दिलास. मी मागितला नव्हता." बारकीने कागद टेबलावर ठेवला. "माझ्यावर विश्वास नसेल तर तार बदल आणि स्वतः मोज."

वहिनी तडक कोपऱ्यातल्या चाचणीच्या भांड्याकडे वळली. तिने तार काढली, तिच्या जागी ग्रॅफाइटची कांडी बसवली, कोरा पापुद्रा आम्लात सोडला आणि विद्युतप्रवाह चालू केला. दोघी उभ्या राहिल्या. आलेखाची रेघ थोडी वर आली आणि तिथेच रेंगाळली. एरव्ही ती चढत जायची. आज ढिम्म हलेना.

"चढेल," वहिनी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. मग स्टुलावर बसली.

तेवढ्यात सर आत आले. त्यांनी कागद पाहिला, रेघ पाहिली आणि दार लोटून घेतलं. "हे बघा, आज कुणी काही बोलायचं नाही. पदवी पदरात पडू दे. पुढच्या लेखात दुरुस्ती देऊ."

"पण परीक्षक बाईंनी हेच विचारलंय, सर," वहिनी म्हणाली.

"यंत्र बंद होतं म्हणून सांग." त्यांनी बारकीकडे पाहिलं. "होतं ना बंद?"

पुढच्या वर्षीची तिची नेमणूक याच माणसाच्या सहीवर होती. "नाही, सर," ती म्हणाली. "चालू आहे."

सभागृहात पहिल्या रांगेत आई-बाबा आणि दादा, वहिनीचा नवरा, येऊन बसले होते. आईने तिथूनच हात हलवला. वहिनी मंचावर गेली. पाण्याचा घोट घेताना पेला दातांवर वाजला, ते ध्वनिक्षेपकातून मागे उभ्या असलेल्या बारकीलाही ऐकू आलं.

"सुरुवातीलाच एक सांगते," वहिनी म्हणाली. "माझा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. तो आज सकाळी कसा उघडा पडला, तेच आधी दाखवते."

सरांनी मान खाली घातली. दादा गोंधळून आईकडे बघू लागला. परीक्षक बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारत सुटल्या. वहिनी घामाघूम झाली, दोनदा अडखळली, पण एकाही उत्तराला बगल दिली नाही.

पदवी त्या दिवशी मिळाली नाही. प्रबंध परत आला. छापलेला लेख मागे घ्यावा लागला. सरांनी बारकीची नेमणूक लटकवून ठेवली, ती पुढे संचालकांनी सोडवली. घरी वहिनी कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोले. "दार लाव," "दिवा घालव," एवढंच. दादा मधल्या मध्ये भरडला गेला. बारकी रात्री कुशीवर वळून विचार करी, की त्या क्षणभराच्या आनंदाचा वहिनीला वास तर लागला नसेल?

वहिनीने ग्रॅफाइटची कांडी लावून सगळं पुन्हा मोजलं. पापुद्रा बरा निघाला. नुसता बरा, प्लॅटिनमच्या पासंगालाही न पुरणारा. नव्या प्रबंधात तेच लिहिलं, आणि तारेतलं प्लॅटिनम कसं चोरपावलांनी येतं यावर एक आख्खं प्रकरण. पदवी मिळाली, टाळ्या बेताच्याच पडल्या.

त्या संध्याकाळी जिन्यात दोघीच होत्या. बारकी धीर करून म्हणाली, "तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं होतं, वहिनी."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "तोंडावर दिसत होतं. म्हणूनच मी आधी ऐकलं नाही." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "तरी तू वर आलीस. चल, सगळे वाट बघतायत."