फळ्या ठोकलेली खिडकी

भीमजयंती तोंडावर आली, की जळगाव जामोदच्या त्या छोट्या छापखान्यात गावोगावच्या कापडी फलकांची झुंबड उडे. धाकटा इंद्रभान दारातल्या टेबलावर बसून गिऱ्हाईक सांभाळी. थोरला दयाराम आतल्या खोलीत कापडावर ठेवलेल्या जाळीच्या चौकटीवर रंग ओतून अक्षरं छापायला दिवसभर रबराची पट्टी ओढी. धूळ ओल्या रंगाला चिकटते म्हणून इंद्रभाननं त्या खोलीच्या एकुलत्या खिडकीला फळ्या ठोकल्या होत्या. रंग पातळ करायच्या थिनरचा उग्र वास आतच कोंडून राही.

दयारामची बायको जनकाबाई मागच्या स्वयंपाकघरातून हे बघे आणि मनातल्या मनात दिराला शिव्या घाली. जेवायला बसलेला नवरा डोकं धरून भिंतीला टेके. भाकर ताटात तशीच राही.

"भाऊजी, थे खिडकी उघडा," तिनं सांगून पाहिलं.

"तुमी चूल सांभाळा, वहिनी. धंदा मले समजते."

एका दुपारी आतून धप्पकन आवाज आला. जनकाबाई धावली. दयाराम चौकटीवर आडवा पडला होता, ओठ पांढरेफटक. इंद्रभान तिच्या आधी पोचला होता. पण त्यानं भावाला बाजूला सारलं, चौकट उचलली आणि जाळी फाटली का ते दाराच्या उजेडात पाहू लागला.

"माणूस पडला, न तुमी जाळी पाहून राह्यले?"

"उद्या गिऱ्हाईक आलं, त त्याले तोंड तुमी देसान का?"

तिनं नवऱ्याला ओढत अंगणात आणलं, तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले तशी ती उठली आणि कुऱ्हाड घेऊन खिडकीवर तुटून पडली. फळ्या निखळल्या. चैताचा गरम वारा धूळ घेऊन आत घुसला आणि दोरीवरचे ओले फलक फडफडले. इंद्रभाननं तिचं मनगट धरलं.

"हात सोडा. नाही त हे तुमच्या टाळक्यात घालीन."

त्यानं हात सोडला. तेवढ्यात अंगणातून दयारामचा थकलेला आवाज आला, "जनका, राहू दे वं. त्याचं बराबर हाये. माल खराब होते."

हे मात्र तिच्या फार जिव्हारी लागलं.

संध्याकाळी इंद्रभाननं पुन्हा फळ्या ठोकल्या. तिनं नवरा झोपला होता त्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि दारातच बसली. "ठोका खुशाल. उद्या रबर तुमीच ओढा. हे उठनार नाहीत."

दुसऱ्या दिवशी इंद्रभान हट्टानं छापायला उभा राहिला. दुपारपर्यंत तो भिंत धरत बाहेर आला आणि अंगणात भडभडा ओकला. जनकाबाई डाळ निवडत होती. पाण्याचा तांब्या हाताशी होता. तिनं तो दिला नाही.

मग सुतार आला, वीजवाला आला. खिडकीला धूळ अडवायला तलम कापड लागलं आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. दयाराम कामाला लागला. त्याचं डोकं दुखायचं कमी झालं.

"इंद्रभाननं पंखा आनला, पाह्य," तो कौतुकानं म्हणाला. दिराचं ताट जनकाबाईनं वाढणं बंद केलं होतं.

जयंतीच्या दिवशी इंद्रभान नवा सदरा घालून स्वयंपाकघराच्या दारात आला. "वहिनी, आज त भाकर द्या."

"हॉटेलात भेटते."

दयारामनं आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून भावाच्या हातात ठेवली. जनकाबाईनं पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि दोघांकडे न बघता ती बाहेर निघून गेली.