उघडा फोल्डर

इस्पितळात संगणकांचं सगळं तो एकटाच बघायचा. लॅबचे रिपोर्ट एका सामायिक फोल्डरमध्ये जमा होत. त्यात लिहायची मुभा त्याने फक्त लॅबच्या प्रोग्रॅमला ठेवली होती. माणसांनी नुसतं वाचायचं. पण नावात एक वेलांटी चुकली तरी अख्खा रिपोर्ट नव्याने काढावा लागे. लॅबचे मोठे डॉक्टर वैतागले.

"सगळ्यांना उघडं करून टाक रे."

"सर, मग कोणीही काहीही बदलेल."

"इथे काय चोर बसलेत?"

दहा मिनिटांचं काम. त्याने करून टाकलं, लेखी काही मागितलं नाही.

दीड वर्ष कुणाची तक्रार आली नाही. मग ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरची बायको पुन्हा दाखवायला आली. सात महिन्यांपूर्वी तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट 'साधी गाठ' असा आला होता. आता कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. जुना नमुना पुन्हा तपासला, तर कर्करोग तेव्हाही होताच.

नोंदी धुंडाळायचं काम त्याच्याकडे आलं. प्रोग्रॅमने रिपोर्ट बरोबर लिहिला होता. त्याच दुपारी टायपिस्ट ताईंनी सारख्याच नावाच्या दुसऱ्या बाईचा रिपोर्ट दुरुस्त केला आणि चुकून हिच्या फाइलवर सेव्ह केला.

चौकशीत मोठे डॉक्टर म्हणाले, "ताईंचा हलगर्जीपणा, दुसरं काय!" ताई मान खाली घालून बसल्या होत्या. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते.

"फोल्डर मी उघडा केला होता," तो म्हणाला. "सरांच्या सांगण्यावरून."

"लेखी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

नव्हतं. ताई निलंबित झाल्या, त्याला ताकीद मिळाली, डॉक्टरांच्या केसालाही धक्का लागला नाही.

त्याच दिवशी त्याने सगळ्यांचा लिहिण्याचा हक्क काढून घेतला. प्रोग्रॅमसाठी वेगळं खातं केलं. लिहील तर तेवढंच. अर्ध्या तासात डॉक्टरांचा फोन.

"निदान मला तरी ठेव."

"लेखी द्या, सर."

फोन आपटल्याचा आवाज आला. लेखी काही आलं नाही.

मग तो वॉर्डकडे गेला. ड्रायव्हर बाहेर बाकावर बसला होता. त्याने ड्रायव्हरला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून.

"ते फोल्डर-बिल्डर मला कळत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "बंद असता, तर ती वाचली असती?"

"उपचार वेळेत सुरू झाले असते."

"मग आत जाऊन तिला सांग. तिला वाटतंय, आपणच दुखणं अंगावर काढलं."

तो आत गेला. तिचा चेहरा पिवळा पडला होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी वेळेवर आले होते?"

"हो वहिनी. अगदी वेळेवर."

तिने डोळे मिटले. त्याला वाटलं, झोप लागली. पण ती म्हणाली, "सासूबाई चारला येतात. त्यांनाही सांगा. सगळे मलाच बोल लावतात."

अजून दीड तास होता. तो स्टुलावर बसून राहिला. सासूबाई आल्यावर त्याने पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी सुनेच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आता जा तू."

पाचव्या आठवड्यात ती गेली.