‘र्लु’ होता की नव्हता

वाळवंटातल्या आमच्या वार्लपिरी आदिवासी वस्तीत कोर्ट क्लबच्या हॉलमध्ये भरायचं. त्या दिवशी लेस्टन जकमर्राची केस होती. पोलिसांचं म्हणणं, त्याने एकट्याने जपंगर्दीला मारलं. लेस्टन म्हणे, जपंगर्दी आणि त्याच्या भावानेच आधी मला बडवलं. भांडण पाहणाऱ्या डल्सीआजीची वाचा नंतर पक्षाघाताने गेली. उरला होता तिने दवाखान्याला केलेला फोन.

दुभाषी वॉल्डाने फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. ‘पकर्नुपला जकमर्रा—’, ‘पकर्नु’ म्हणजे मारलं, आणि नेमकं तिथेच कुत्रं भुंकलं.

वार्लपिरीत मारणाऱ्याच्या नावाला ‘र्लु’ लागतो, आपल्या मराठीतल्या ‘ने’सारखा. मार खाणाऱ्याच्या नावाला काहीच नाही.

“परत लावा,” ती म्हणाली.

लेस्टनची आई मेव्हिस मागून वार्लपिरीत ओरडली, “नव्हता गं ‘र्लु’! सांग ना. कानात बोळे घातलेस का?” नात्याने मेव्हिस आणि वॉल्डा बहिणी.

वॉल्डाने पुन्हा ऐकलं. कुत्र्याखाली ‘र्लु’ आहेसा वाटे, नाहीसाही वाटे.

मग तिचं लक्ष क्रियापदाकडे गेलं. मराठीत ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याकडे बघत नाही. वार्लपिरीत बघतं, कर्ते किती, ते त्याच्या शेवटी कळतं. एकाच वाक्यात नाव एका रीतीने चालतं आणि क्रियापद दुसऱ्या, ते का, यावर वार्लपिरी शिकायला आलेल्या एका प्राध्यापिकेशी वॉल्डाने कितीदा वाद घातला होता.

“साहेब, मारणारे दोघं होते. क्रियापदाच्या शेवटी ‘पला’ स्वच्छ ऐकू येतंय.”

“म्हणजे दोघांनी जकमर्राला मारलं?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मेव्हिस तिच्याकडेच बघत होती.

“‘र्लु’ नसेल तर तसंच. असेल तर जकमर्रा त्या दोघांतलाच एक. ते मला ऐकू येत नाही.”

हॉलमध्ये गलका झाला. त्याने एकट्याने मारलं, हा आरोप तसा टिकेना. तारीख पडली, लेस्टनला जामीन मिळाला. पुढची तारीख येईपर्यंत वॉल्डाला धड झोप नव्हती. मी शेजारून चहा नेऊन दिला की तो तसाच गार व्हायचा. “मीच त्याला अडकवलं तर?” एवढंच म्हणायची.

‘दोघं’ हा शब्द मात्र वस्तीभर झाला. म्हाताऱ्यांनी जपंगर्दी भावांना बसवून विचारलं, तेव्हा आधी आम्ही दोघांनीच लेस्टनला मारलं, असं धाकट्याने कबूल केलं. लेस्टन सुटला.

मेव्हिस वॉल्डाशी अजून बोलत नाही. परवा दुकानाबाहेर मला म्हणाली, “माझ्या पोरासाठी एक ‘हो’ जड झालं तिला.”